न पडलेला पेला

माझे बाबा बोलण्याचा पगार घेत. डहाणू रोड स्टेशनात त्यांचं काम घोषणा करण्याचं. रोजच्या घोषणांना यंत्रातली बाई होती, पण गाडी रखडली, फलाट बदलला, मध्येच मालगाडी आडवी आली, की त्या बाईला काही सुचत नसे आणि बाबांना माईकसमोर बसावं लागे. मग त्यांचा काय आवाज लागायचा! "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" यातला 'कृपया' ते इतका लाडानं लांबवत की चिडलेला माणूसही क्षणभर मान वर करी. मराठीत सांगून झालं की हिंदीत, आणि फलाटावर सुरतेकडची माणसं फार दिसली तर कुणी न सांगताच गुजरातीतही. आम्ही राहायचो उधव्याला. तिथून ते रोज मोटारसायकल हाणत डहाणूला जात आणि घरी येईपर्यंत त्यांचे शब्द संपलेले असत. आत्या म्हणायची, "याला तीन तीन भाषा येतात, पण घरात एकपण नाय." आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडे होती आणि बाबांच्या वाटचं बोलणं तिनं अंगावर घेतलं होतं.

खरा आवाज मात्र आईचा. ती तांदळाची भाकरी थापायची ती पाड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. कोंबड्यांना नावानं शिव्या द्यायची. बांगड्या विकायला उंबरगावकडून एक गुजराती बाई यायची, तिच्याशी ती अर्धं मराठी, अर्धं गुजराती आणि उरलेलं हातवाऱ्यांत भांडायची, आणि भांडण संपलं की दोघी चहा प्यायच्या. संध्याकाळी बाबांची गाडी अंगणात वळली की आतूनच ओरडायची, "काय हो, आज किती मिनटं लेट?" बाबा हसायचे, हेल्मेट खुंटीला लावायचे आणि परसातल्या दोन चिकूच्या झाडांखाली जाऊन तोंड धुवायचे. सुक्या बोंबलाचं कालवण असलं तर त्याचा वास त्यांच्या आधी मला गाठायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

मी तिसरीत असताना, भात कापून खळ्यावर आलं त्या सुमाराला, आईचा आवाज बसला. म्हणजे घसा नव्हे, आईच बसली. सकाळी उठून चुलीजवळ बसायची ती तिथंच. दूध उतू जायचं आणि ती बघत असायची. कधी कधी तिचे हात थरथरायचे, छातीवर हात धरून ती दाराशी येऊन भराभर श्वास घ्यायची आणि मग पदर तोंडाला लावून रडायची. कोणी मेलं नव्हतं, कोणी भांडलं नव्हतं. कारणच सापडत नव्हतं आणि तेच कुणाला पचत नव्हतं. आत्यानं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. शेजारच्या काशिनाथकाकांनी कुठलासा पाला आणून दिला. मी विचारलं तर आत्या म्हणे, "डोका दुखतो तिचा. जा, खेळ." बाबांना विचारलं, तर त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. गाडी वीस मिनिटं उशिरा धावतेय हे हजार अनोळखी माणसांना गोड आवाजात सांगणारा माणूस, पण स्वतःच्या मुलीपुढे त्याचा माईक बंद.

मोठी माणसं गप्प बसली की लहान पोरं स्वतःच उत्तर शोधतात. ते बहुतेक चुकीचं असतं, आणि बहुतेक त्यात दोष आपल्याकडेच येतो. आता माझ्याकडे रोज बालवाडीची पोरं असतात, त्यामुळे हे मी पैजेवर सांगू शकते. तेव्हा माझी यादी तयार होती. मी शाळेचा डबा हरवला होता. मी आईच्या ओढणीची बाहुली केली होती. एकदा रागानं 'मला आत्याच आवडते' असं म्हटलं होतं. हेच ते असणार, अशी माझी खात्री होत चालली. मी शहाण्यासारखी वागू लागले, न सांगता भांडी घासू लागले, आणि तरी आई रडायची राहिली नाही. तेव्हा मग माझ्या पोटात दुखू लागलं. शाळेत निघताना हमखास दुखायचं. आत्या ओवा चावायला द्यायची.

अशात भूकंप सुरू झाले. एक मोठा होऊन थांबला असता तर निदान नाव तरी मिळालं असतं. आमच्याकडचे चिल्लर होते, पण येतच राहायचे. आधी जमिनीखालून गुडगुड ऐकू यायची, मग भिंत अंग झटकायची, कौलं किरकिरायची, आणि झालं. तलासरी म्हणू नका, डहाणू म्हणू नका, सगळीकडे हाच विषय. घराला भेगा पडल्या. साहेब लोक आले, ताडपत्र्या आणि तंबू वाटून गेले, रात्री घरात झोपू नका म्हणाले. आमच्या घरातल्या मोठ्यांना मात्र या भूकंपानं सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं. आता आईला काय झालंय हे सांगायला कारण मिळालं होतं! "धास्ती बसलीय भूकंपाची," आत्या विहिरीवर बायकांना सांगू लागली. बायका माना डोलवायच्या, कारण धास्ती सगळ्यांनाच बसली होती. बाबांनीही मला जवळ घेऊन सांगितलं, "आई भूकंपाला घाबरते, म्हणून रडते. भूकंप थांबले की बरी होईल." ती तर भूकंपाच्या आधीपासून रडत होती, हा हिशेब मी तेव्हा केला नाही. बाबांनी काहीतरी सांगितलं, यातच मला इतका आनंद झाला होता.

आणि खोटं कशाला बोलू, ते तंबूचे दिवस आम्हा पोरांना जत्रेसारखे गेले. कापलेल्या भातखाचरात ओळीनं ताडपत्र्या लागल्या आणि सगळा पाडा एका अंगणात आल्यासारखा झाला. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे नाकाला आधी कळायचं. शाळा वडाखाली भरायची. थंडी मी म्हणत असायची, तरी सकाळी उठल्याबरोबर आम्ही दंवातून अनवाणी पळायचो. काशिनाथकाका शेकोटीपाशी बसून प्रत्येक धक्क्याला मार्क द्यायचे. "हा काय, याला दहातले दोन. कालचा बरा होता." त्यांच्या बायकोला ते आवडायचं नाही, पण आम्ही पोरं मुद्दाम विचारायला जायचो.

त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी भांड्यांचा एक मनोरा उभा राहिला. कुणी पहिल्यांदा काढला देव जाणे. मोठी परात घ्यायची, तिच्यात पातेलं पालथं घालायचं, पातेल्यावर तांब्या पालथा आणि तांब्याच्या बुडावर स्टीलचा पेला उभा ठेवायचा. जमीन जरा हलली की पेला परातीत कोसळायचा आणि खणखणाट व्हायचा. तो झाला की आत असेल त्यानं बाहेर पळायचं, हा नियम. दिवसा स्वयंपाकपाण्याला घरात जावंच लागे, म्हणून मनोरा चुलीजवळ ओट्यावर असे. काशिनाथकाकांनी त्यांच्या मनोऱ्यावर पितळी घंटी ठेवली होती, त्याचा त्यांना फार अभिमान. आमचा पेला साधा होता, त्यावर आईचं नाव कोरलेलं होतं. सुनंदा. आईच्या लग्नातला पेला.

मी त्या पेल्याच्या राखणीला बसू लागले. माझा विचार सरळ होता. पेला पडतो, मग आई घाबरते, मग रडते, मग दिवसभर बसून राहते. असं मोठी माणसंच सांगत होती. मग पेला पडलाच नाही तर? आईला कळणारच नाही, आणि कळलं नाही तर रडू कशाचं? एवढी सोपी गोष्ट एकालाही सुचू नये, याचं मला नवल वाटत होतं. परसातल्या झाडाचे कच्चे चिकू तोडले, देठाशी पांढरा चीक आला तो गोळा केला. चिकूचा चीक बोटाला लागला की दोन दिवस जात नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात पतंगाला लावतो तशी भाताची शितं मळली. दुपारी घरात कुणी नाही असं बघून पेला तांब्याला, तांब्या पातेल्याला आणि पातेलं परातीला चिकटवलं. वर फुंकर घालत बसले. ही युक्ती मला आजही वाईट वाटत नाही. मिळालेल्या माहितीवर तिसरीतल्या मुलीनं केलेलं ते उत्तम काम होतं. माहितीच खोटी होती, त्याला मी काय करणार?

एकदोन दिवस युक्ती चालली. लहानसे धक्के आले, शेजारपाजारची भांडी वाजली, आमचा पेला ताठ उभा. आणि एका सकाळी तंबूतून आई स्वतः उठली. केस बांधले आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, आज भाकऱ्या मी टाकते." आत्यानं तिच्या हातात पिठाचा डबा दिला आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली. जाताना तिनं डोळे पुसले, ते मी पाहिलं. मी आईच्या मागे मागे घरात. बाबांची दुपारची पाळी होती, ते अंगणात मोटारसायकल पुसत होते. आईनं उकड मळली. थापायला सुरुवात केली. थप, थप, थप. कितीतरी दिवसांनी तो आवाज घरात ऐकू येत होता आणि मी मनात म्हणत होते, बघा, झालं की नाही काम.

तेवढ्यात गुडगुड आली. बाहेर या घरची, त्या घरची भांडी वाजली, काकांची घंटी वाजली, कुणीतरी ओरडलं. आईचे हात थांबले. ती दचकून उठू लागली, पण तिनं ओट्याकडे पाहिलं. पेला जागच्या जागी. "आपला नाय पडला," ती स्वतःशीच म्हणाली. "मलाच उगाच वाटतंय." आणि ती पुन्हा खाली बसली. त्या वेळी मला आनंद झाला होता, हे सांगितलंच पाहिजे. मग दुसरा धक्का आला, आणि तो चांगला जोराचा होता. भिंतीतून माती सांडली, मी किंचाळले, बाबा दारातून आत आले आणि त्यांनी एका हाताला आई आणि दुसऱ्या हाताला मी असं धरून बाहेर खेचलं. आम्ही उंबरठ्याच्या बाहेर पडतो न पडतो तोच चुलीवरची कौलं खाली आली. तव्यावरची भाकरी त्यांच्याखाली गेली.

कुणाला खरचटलंही नाही. पण आत्याच्या पाचावर धारण बसली होती. ती मला चाचपून बघत होती आणि शिव्या घालत होती, कुणाला ते तिलाही ठाऊक नसावं. जरा निवल्यावर बाबा आत गेले आणि मनोरा घेऊन बाहेर आले. सगळाच्या सगळा. त्यांनी पेल्याला धरून उचलला होता, आणि पेल्याबरोबर तांब्या, पातेलं, परात असं सगळं एकसंध वर आलं होतं. काशिनाथकाका जमलेल्यांना म्हणाले, "अरे, यांनी तर देवळाचा कळसच बसवला!" लोक हसले. आधीची भीती होती ना, म्हणून जास्तच हसले. बाबा नाही हसले. त्यांनी पेला हुंगला. चिकूचा वास ओळखायला काय लागतं?

"वैशू," ते म्हणाले, "हे कुणी केलं?"

"मी."

"का गं?"

"पेला पडला नाही तर आईला कळणार नाही," मी म्हणाले. "आणि कळलं नाही तर तिला रडू येणार नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना."

आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण बोलली ती आई. खाचराच्या बांधावर ती खाली बसली होती, पीठ तिच्या कोपरापर्यंत होतं. "बाय माझी," ती म्हणाली, "मी भूकंपाच्या आधीपासून रडते गं. भूकंपाचा काय संबंध?" मग तिनं बाबांकडे पाहिलं. "सांगा तिला. नायतर ही उद्या घर चिकटवायला निघेल."

बाबांनी लगेच सांगितलं असतं तर ते बाबा कसले! ते सुट्टी टाकून आधी नीलिमाताईंकडे गेले. भूकंपानंतर मुलांच्या शाळेत एक समुपदेशक येत होत्या, त्या या. वडाखाली आम्हाला चित्रं काढायला बसवायच्या आणि पालकांना भेटायच्या. पालक बहुतेक त्यांना टाळायचे, कारण त्यांच्याशी बोललं की लोक काय म्हणतील! बाबा गेले आणि मला बरोबर नेलं. मी पारावर चित्र काढत होते आणि कान तिकडे, पण निम्मं माझ्या डोक्यावरून जात होतं.

"लहान पोर आहे ताई," बाबा म्हणाले. "तिला हे असलं सांगायचं? घाबरेल."

"ती आत्ता घाबरलेली नाही का?" ताईंनी विचारलं. "तिनं तर अख्ख्या घराची जबाबदारी घेतलीय. आधी तिलाच विचारा, तिला काय वाटतंय ते. बरंचसं तिथंच कळेल."

"पण सांगू काय? डहाणूच्या डॉक्टरला दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. त्यानं दिलेलं ते नाव सांगू?"

"सांगा की. मलेरियाला मलेरिया म्हणतोच ना आपण? हे नैराश्य आहे, याच्यात छाती धडधडते, रडू येतं, हा आजार आहे आणि औषध चालू आहे. आणि तुझ्यामुळे झालेलं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगा. एकदा सांगून मुलांना पटत नाही."

"आणि कधी बरी होणार विचारलं तर?"

"माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. खोटी वेळ देऊ नका."

हे ऐकून बाबा एकदम ताठ बसले. "आमच्याकडं तोच नियम आहे," ते म्हणाले. "गाडी उशिरा आहे म्हटलं की माणूस चरफडतो, पण थांबतो. काहीच सांगितलं नाही की फलाटावर मारामारी होते. आणि 'थोड्याच वेळात' म्हणून दोन तास नाही आली, तर दगड येतात दगड." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "ताई, पोरीनं एक पेला चिकटवला. आम्ही दोन महिने तोंडं चिकटवून बसलोय."

त्याच दुपारी चिकूच्या झाडाखाली बैठक बसली. आत्यानं गवती चहा घालून चहा केला, मला अर्धा कप मिळाला म्हणजे प्रसंग मोठा असणार हे मी ओळखलं. बाबा सदऱ्याचं वरचं बटण लावून बसले आणि हातात चक्क रॉकेलचं नरसाळं! त्यांनी ते तोंडाला लावलं, घसा खाकरला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," त्यांनी सुरुवात केली, आणि तो स्टेशनवरचा गोड आवाज लागला, "आईकडून येणारी... आईकडून सुटणारी..." आणि पुढे काही येईना. नरसाळ्यातून नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग बाबांना रडू कोसळलं. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आईनं त्यांच्या हातातून नरसाळं घेऊन बाजूला ठेवलं. "तुम्ही राहू द्या," ती म्हणाली. मला जवळ ओढलं. "वैशू, तुला काय वाटतं गं, मी कशानं रडते?"

मी सगळं सांगितलं. डबा, ओढणी, आत्या आवडते म्हटलेलं. आत्या मध्येच म्हणाली, "अगो बाय, ते तर मी लगेच विसरली पण!" आईनं हातानं तिला थांबवलं आणि माझं संपेपर्यंत ऐकलं. मग हळूहळू म्हणाली, "यातलं एकपण नाय. ऐक. मला आजार आहे. डहाणूच्या डॉक्टरनी सांगितलं, नैराश्य म्हणतात त्याला. तापात कसं अंग दुखतं, तसं याच्यात मन दुखतं. कशातच गोडी वाटत नाय. छातीत धडधडतं, हात कापतात. तुझ्यामुळे झालं नाय, बाबांमुळे नाय, भूकंपामुळे पण नाय. कुणामुळे झालंच असं नसतं."

"मग कधी बरं होणार?"

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. "माहीत नाय गं," ती म्हणाली. "पण गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, बरी होईन. एखादा दिवस चांगला जाईल, एखादा नाय जाणार."

"मग मी काय करू? राखण करू?"

"नाय," ती ठाम म्हणाली. किती दिवसांनी तिचा तो आवाज आला होता! "राखणीला बाबा आहेत, आत्या आहे, डॉक्टर आहेत. तू माझी राखण नाय करायची. तू शाळेत जायचं, खेळायचं, आणि काय कळलं नाय तर मला विचारायचं. मी खरं सांगेन."

मला काय वाटलं ते मी सरळ सांगते. मला फार फार हलकं वाटलं. आई आजारी आहे हे कळून कुणाला हलकं वाटतं का? मला वाटलं. आणि मला इतकी भूक लागली की मी आत्याला तिथंच विचारलं, जेवायला काय आहे. दुपारचे चार वाजले होते. तिनं उरलेली पेज आणि भाजलेला बोंबील दिला, तो मी काट्यासकट संपवला. पोटात दुखायचं ते त्या दिवसापासून कमी होत गेलं. ओव्याचा डबा पुन्हा स्वयंपाकाच्या कामाला आला.

दुसऱ्या सकाळपासून आमच्या घरी घोषणा सुरू झाल्या. कल्पना आईची. चहाच्या वेळी ती नरसाळं उचलायची आणि म्हणायची, "आज वेळेवर." किंवा, "आज उशिरा धावतेय, कारण माहीत नाय, गैरसोयीबद्दल माफी." एखाद्या दिवशी नुसतंच, "आज रद्द." रद्दच्या दिवशी आम्ही तिला झोपू द्यायचो आणि आपापल्या कामाला लागायचो. वाईट वाटायचं, पण भीती वाटायची नाही. मग नरसाळं फिरू लागलं. मी जाहीर करायचे, "गणिताच्या पेपरामुळे पोटात धडधड." बाबा एकदा म्हणाले, "साहेब ओरडले, मन खट्टू." इतक्या वर्षांत त्यांचं मन खट्टू होतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आत्या रोज एकच घोषणा करायची, "दोनी गुडघे रद्द," आणि त्यानंतर अर्धा मैल चालून पाणी आणायची. आज आई उधव्याला आणि मी माझ्या बालवाडीच्या गावी, तरी सकाळच्या फोनवर पहिलं वाक्य तेच असतं. आणि माझ्याकडच्या पोरांचे आईबाप जेव्हा दबक्या आवाजात विचारतात, लहान आहे हो, त्याला काय सांगायचं, तेव्हा मी आधी त्यांना या नरसाळ्याची गोष्ट सांगते. हसून झाल्यावर माणसाला बोलणं सोपं जातं.

थंडी सरत आली तेव्हा पाड्यावर उंबाडियूचा बेत ठरला. आमच्या सीमेवरची ही खास गोष्ट. मडक्यात रानातला वासाचा पाला घालायचा, पापडीच्या शेंगा, रताळी, कोनफळ, ओवा, हिरव्या मसाल्यात घोळवलेले बटाटे भरायचे, मडक्याचं तोंड पाल्यानं बुजवून ते पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. वेवजीहून मामा शेंगांची पोती घेऊन आला. सूर्य मावळतीला होता. आई बायकांच्यात बसून कोनफळं सोलत होती, हात जांभळे, आणि बांगडीवालीशी भांडत होती. भावावरून नव्हे, मडक्यात कोनफळ आधी घालायचं की रताळं यावरून. सकाळची घोषणा होती 'उशिरा', पण दुपारनंतर गाडीनं वेळ भरून काढली असावी. मडकं उघडलं तेव्हा जो वास सुटला त्यानं कुत्री नुसती वेडी झाली.

आणि पहिला घास तोंडात जातोय तोच गुडगुड आली. पाड्यावरची भांडी एकामागोमाग कोसळली, घंटी वाजली, तंबूच्या दाराशी मांडलेला आमचा पेला आपटून परातीबाहेर गडगडत गेला. सगळे जागचे उठले. मी उठले नाही, मी आईकडे पाहत राहिले. आईनं छातीवर हात ठेवला. मग स्वतःचे दोन्ही जांभळे हात समोर धरून पाहिले. कापत नव्हते. ती खदाखदा हसायला लागली आणि सगळ्या खाचराला ऐकू जाईल असं ओरडली, "हा माझा नाय! हा जमिनीचा आहे, माझा नाय हा!"

काशिनाथकाका म्हणाले, "दहातले चार." बाबांनी तोंडातलं रताळं कसंबसं गिळलं, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि डहाणू रोडच्या आवाजात सांगितलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, मडकं शाबूत आहे." हसता हसता लोक पुन्हा बसले आणि पानं पुढे ओढली. मी गडगडत गेलेला पेला शोधून आणला. आईच्या नावापाशी त्याला एक पोचा आला होता. फ्रॉकला पुसून मी तो पुन्हा तांब्याच्या बुडावर ठेवला. नुसता ठेवला.